बेळगावचे मांडे आणि गुगलचा शोध: आमच्या संकेतस्थळाचा अनुभव

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या घरी मांडे, म्हणजे गोड सारण भरलेल्या पातळ, कुरकुरीत पोळ्या, करून विकण्याचा उद्योग सासूबाईंनी सुरू केला आणि आजही पीठ मळण्यापासून सारण भरण्यापर्यंतचे सगळे काम त्यांच्या देखरेखीखाली चालते. लग्नसराईत रुखवतासाठी बेळगाव शहरातून, खानापूर व निपाणीकडून आणि त्यापलीकडे कोल्हापूर व गोव्याहूनही मागणी येते. उद्योगाचे संकेतस्थळ बऱ्याच वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाकडून करून घेतलेले होते. परंतु गुगलवर ‘बेळगावचे मांडे’ असे शोधले असता ते कोठेच दिसत नसे आणि नवीन ग्राहक जवळजवळ सगळे ओळखीतूनच येत. ही स्थिती बदलण्यासाठी जे काही केले, ते मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण सीमाभागातील छोट्या उद्योजकापुढे पुण्या-मुंबईच्या दुकानदारापुढे नसलेले काही प्रश्न असतात आणि त्यांविषयी मराठीत फारसे लिहिलेले मला मिळाले नाही.

सर्वांत आधी मी एक साधी तपासणी केली. गुगलच्या शोधचौकटीत ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत, त्यानंतर विसर्गासारखे चिन्ह आणि त्याला लागूनच संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की त्या संकेतस्थळाची गुगलला माहीत असलेली पाने समोर येतात. आमची पाने आली, पण प्रत्येक पानाखाली मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ होती. याचे कारण जुन्या फॉन्टमध्ये होते. छपाईच्या व्यवसायात वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टच्या जुन्या पद्धतीत देवनागरी अक्षराचा आकार रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या सांकेतिक क्रमांकावर बसवलेला असतो, त्यामुळे तो फॉन्ट उपलब्ध असेल तेथे डोळ्यांना मराठी दिसते, मात्र यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसतोच. युनिकोड या संगणकांच्या सर्वमान्य अक्षरसंकेतामध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो आणि शोधयंत्राला तोच समजतो. आमच्या पानांवर ‘मांडे’ हा शब्द यंत्राला वाचता येईल अशा रूपात एकदाही नव्हता, तेव्हा तो शोधणाऱ्याला आमचे पान दाखवण्याचे गुगलला काहीच कारण नव्हते.

फॉन्ट परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु त्यानंतर तो ओळीओळीने वाचावाच लागतो. ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टंकलिखित होते आणि युनिकोडमध्ये नंतर येते; रफार आणि ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे तर हमखास बिघडतात. शिवाय दरपत्रक व मागणी नोंदवण्याचे नियम चित्राच्या रूपात चढवलेले होते. चित्रातल्या मजकुरावर शोधासाठी विसंबून राहता येत नाही आणि मोबाइलवर वाचणाऱ्यालाही तो बारीक दिसतो, म्हणून ते सर्व पुन्हा टंकलिखित केले. माझ्या मते मराठी संकेतस्थळ असलेल्या प्रत्येक जुन्या व्यावसायिकाने इतर कोणत्याही उपायाकडे वळण्यापूर्वी हे एवढे तपासावे. स्वतःच्या पानावरचे एक वाक्य उचलून साध्या संदेशात चिकटवले आणि ते मराठीतच उमटले, तर निश्चिंत व्हावे.

यानंतर संकेतस्थळ गुगलच्या शोधात कसे दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गुगल सर्च कन्सोल या मोफत सुविधेत संकेतस्थळाची नोंद केली. संपूर्ण डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदणीकृत पत्त्याची, मालकी सिद्ध करण्यासाठी त्याच्या नोंदींमध्ये एक ओळ घालावी लागते. डोमेन आमच्या नावावर असले तरी त्याचा पासवर्ड मूळ व्यावसायिकाकडेच राहिलेला होता आणि तो मिळवण्यात या सगळ्या खटपटीतला सर्वांत कंटाळवाणा काळ गेला. डोमेनचा ताबा ज्याचा त्याच्याकडेच असावा, एवढे मी प्रत्येक छोट्या दुकानदाराला कळकळीने सांगेन. साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, आम्ही दिली. पण मोजक्याच पानांच्या आणि आतून नीट जोडलेल्या संकेतस्थळाला तिची फार निकड नसते.

खरे काम मजकुराचे होते. पूर्वीच्या पहिल्या पानावर परंपरा, दर्जा, विश्वास असे शब्द होते, पण ग्राहकाला हवे असलेले उत्तर एकही नव्हते. घरातील दूरध्वनी बहुतेक वेळा भावजी घेतात. त्यांना मी विनंती केली की लोक जे विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून ठेवावे. काही आठवड्यांत त्या वहीचा फार मोठा उपयोग झाला. मांडे किती दिवस टिकतात, कोल्हापूरपर्यंत नेताना मोडतात का, रुखवताला किती मांडे पुरतात, किती दिवस आधी सांगावे लागते, सारणात काय काय असते, एकादशीच्या दिवशी घरी येऊन नेता येतील का, असे प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. जो प्रश्न लोक दूरध्वनीवर विचारतात, तोच इतर कितीतरी जण गुगलला विचारत असणार, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रश्नाला स्वतंत्र परिच्छेद किंवा पान दिले, शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत ठेवले आणि उत्तर पहिल्याच वाक्यात दिले. उत्तरे सासूबाईंनी सांगितली व मी लिहिली. उलट्या तापलेल्या कढईवर पातळ पोळी कशी पसरायची, ती गरम असतानाच घडी का घालावी लागते आणि गार झाल्यावर ती कुरकुरीत कशी होते, हे ज्याने हाताने केले आहे त्यालाच नेमके सांगता येते. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक, पत्ता आणि वेळही तेथेच, साध्या मजकुरात दिली.

त्या वहीतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्या काही दूरध्वनींमध्ये पुरणाच्या मांड्यांची चौकशी असे, कारण खानदेशात खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळीला मांडे म्हणतात. आमचे मांडे पिठीसाखर, तूप व खसखस यांच्या सारणाचे आहेत. दोन्ही पदार्थांतला फरक सांगणारे एक छोटे पान आम्ही लिहिले. त्यामुळे चुकीच्या अपेक्षेने येणारा ग्राहक वेळीच उलगडा होऊन थांबतो आणि जिज्ञासेने शोधणारा वाचक आमच्यापर्यंत पोहोचतो. हे पान आज आमच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पानांपैकी एक आहे.

शीर्षकांचे काम त्यामानाने सोपे होते. जुन्या संकेतस्थळाच्या सगळ्या पानांचे शीर्षक एकच होते, तेथे आता प्रत्येक पानाला त्याच्या विषयाचे वेगळे शीर्षक आहे. शोधातील निकालाखाली दिसू शकणारे दोन ओळींचे वर्णनही लिहिले. त्याने शोधातील क्रमांक सुधारत नाही, पण वाचणारा त्यावरून पान उघडायचे की नाही ते ठरवतो. कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या शोधशब्दांच्या यादीत, मात्र पूर्वी शंभरावर शब्द कोंबलेले होते, ते काढून टाकले. तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलेले आहे.

आता भाषेचा प्रश्न. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेलगाम’ऐवजी ‘बेळगावी’ झाले, तरी रोमन लिपीत शोधणारे कितीतरी लोक अजून जुनेच नाव लिहितात, मराठी माणूस देवनागरीत बेळगाव लिहितो आणि हुबळी-धारवाडकडचा ग्राहक कन्नड लिपीत शोधतो. आम्ही इंग्रजी पानावर पत्त्यात नवे नाव आणि वर्णनात जुने नाव, असे दोन्ही सहज येतील अशा वाक्यांत वापरले. एकाच वाक्यात नावांची माळ लावण्याने वाचणाऱ्याला त्रास होतो आणि गुगलच्या नियमांतही ते बसत नाही. मराठी, इंग्रजी व कन्नड यांची पाने स्वतंत्र पत्त्यांवर ठेवली, कारण एका पानावर शेजारीशेजारी दोन भाषा असल्या की पान कोणत्या भाषेचे आहे हे यंत्राला ठरवणे कठीण जाते. गुगल भाषा ठरवताना दिसणाऱ्या मजकुराकडे पाहते, कोडमधल्या भाषेच्या खुणेकडे नाही. ही तिन्ही पाने एकमेकांची भाषांतरे आहेत हे सांगण्यासाठी एचरेफलँग नावाची जोडणी असते. तिच्यात प्रत्येक पानाने स्वतःचा आणि उरलेल्या दोघांचा उल्लेख करणे आवश्यक असते. एका बाजूने दिलेला उल्लेख दुसऱ्या बाजूने परत आला नाही, तर तो धरला जात नाही. पानांचे पत्ते आम्ही रोमन लिपीत ठेवले. देवनागरी पत्ता गुगलला चालतो, परंतु व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक ओळ होते आणि पाहणाऱ्याला ती संशयास्पद वाटते.

छायाचित्रे मोबाइलवरून काढलेली व प्रत्येकी काही एमबीची होती. गुगल आता संकेतस्थळाचे मोबाइलवरचे रूपच विचारात घेते आणि पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी त्यांची शिफारस आहे. छायाचित्रांची रुंदी कमी करून ती वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात चढवली, प्रत्येकाला नेमके पर्यायी वर्णन (चित्र न दिसल्यास त्याच्या जागी वाचला जाणारा मजकूर) लिहिले, आणि खानापूर तालुक्यातल्या ज्या गावांत नेटवर्क क्षीण असते तेथील नातेवाइकांना पान उघडून पाहायला सांगितले. त्यांचे मत मला कोणत्याही चाचणीइतकेच मोलाचे वाटते.

शहरातल्या ग्राहकासाठी संकेतस्थळापेक्षाही गुगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद अधिक उपयोगी पडली, हे मी स्पष्टपणे नमूद करते. स्थानिक निकालांत शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात, आणि पैसे देऊन ही क्रमवारी सुधारता येत नाही. नोंदीत फलकावरचेच नाव द्यायचे असते. नावापुढे ‘उत्तम रुखवत मांडे’ असे शब्द जोडणे नियमबाह्य आहे आणि त्यामुळे नोंद थांबवली जाऊ शकते. पडताळणीसाठी घराबाहेरचा रस्ता, फलक आणि आतले काम सलग दिसेल असे चित्रीकरण द्यावे लागले. अभिप्रायासाठी आम्ही ग्राहकांना विनंती करतो, पण त्याच्या मोबदल्यात सवलत देत नाही. तसे करण्यास मनाई आहे आणि ते योग्यही नाही. आलेल्या अभिप्रायाला ज्या भाषेत तो लिहिला असेल त्याच भाषेत उत्तर देण्याचा प्रघात मात्र कसोशीने पाळतो.

संकेतस्थळ दिसू लागल्यावर पहिल्या क्रमांकाची हमी देणारे दूरध्वनी सुरू झाले. असा क्रमांक कोणालाही हमखास देता येत नाही, असे गुगलनेच लिहून ठेवलेले आहे. काही जणांनी क्रमांक वर जावा म्हणून शेकडो संकेतस्थळांवरून आमच्या पानाकडे दुवे मिळवून देण्याचा दर सांगितला. दुवे विकत घेणे हा नियमभंग आहे, आणि त्यापेक्षा आमचे मांडे नियमित घेणाऱ्या एका मंगल कार्यालयाने स्वतःहून आपल्या पानावर केलेला उल्लेख मला शतपटीने अधिक खरा वाटतो.

हे सगळे काम आम्ही मुद्दाम चातुर्मासात केले. त्या काळात लग्नाचे मुहूर्त नसल्याने घरात उसंत असते, आणि पानातील बदलांचा परिणाम दिसायला काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. तुळशीच्या लग्नानंतर मागणी सुरू होईपर्यंत पाने नोंदली जावीत असा हिशेब होता. सर्च कन्सोल सोळा महिन्यांपर्यंतची आकडेवारी राखून ठेवते, त्यामुळे एका लग्नसराईची तुलना मागच्या लग्नसराईशी करता येते. मराठी शोधांत आमचे पान आता नियमित दिसते आणि टिकण्याविषयीच्या व प्रवासाविषयीच्या प्रश्नांवरून येणारे ग्राहक दूरध्वनीवर थेट संख्या व तारीख सांगतात. कन्नड पाने अजून अपुरी आहेत. यंत्राने केलेले भाषांतर तसेच चढवणे मला मान्य नाही, म्हणून शेजारच्या कन्नड शिक्षिकाबाई ते वाचून दुरुस्त करीत आहेत; रुखवताचे पान त्यांनी तपासून दिले आहे आणि प्रवासात मांडे कसे न्यावेत याचे पान सध्या त्यांच्याकडे आहे.