बोट विकायला काढली

९ मार्च

बोटीवरचे हिवाळी प्लास्टिकचे आवरण आज कापून काढले. अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसच्या दक्षिणेला, वेस्ट रिव्हरच्या काठावरच्या यार्डात ती ऑक्टोबरपासून लोखंडी टेकूंवर उभी आहे. एरवी हे काम मी मोठ्या हौसेने करतो, कारण पुढे सगळा हंगाम पडलेला असतो. आज मात्र खिशात वही आणि पेन्सिल होती आणि दिसेल ती उणीव लिहून काढायची असे ठरवून मी शिडी चढलो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मागच्या वर्षी जेमतेम सहा वेळा शिडे उभारली गेली. धक्क्याचे भाडे मात्र पूर्ण वर्षाचे भरले. बोट विकून टाका असे ही कधी म्हणाली नाही. "अहो, तिला वापरणारे कोणी मिळाले तर बरे," एवढेच एकदा म्हणाली, आणि ते मला पटले.

बोट १९८२ सालची कॅटालिना २७ आहे. फ्रँक बटलर यांच्या कंपनीने या नमुन्याच्या सहा हजारांहून अधिक बोटी बांधल्या, त्यामुळे ती दुर्मीळ नाही आणि किमतीच्या बाबतीत मला कसलीच मिजास करता येणार नाही. लांबी २६ फूट १० इंच आणि खाली शिशाची कील, म्हणजे तोल सांभाळणारा जड पंखा. पाण्यात ती चार फूट बुडते, आणि ज्या चेसापीक उपसागराची सरासरी खोली एकवीस फुटांच्या आसपास आहे त्यात हे चार फूट फार सोयीचे पडतात. मी ती २००६ मध्ये घेतली. तिच्याहून तरुण असलेली माझी मुलगी तिच्यावरच पोहायला शिकली.

केबिनचे दार उघडल्यावर पहिल्यांदा काय जाणवले, तर वास. जुने डिझेल, ओलसर गाद्या आणि बुडात साचलेले पाणी यांचा मिळून एक वास असतो, आणि मालकाला तो वर्षानुवर्षे येत नाही. परक्या माणसाला तो पहिल्या पायरीवरच येतो आणि त्याचा निर्णय बहुधा तिथेच होतो. म्हणून यादीत पहिले काम लिहिले ते रंगाचे नव्हे, वासाचे: गाद्या घरी नेऊन उन्हात टाकणे, बुडातला खड्डा घासून कोरडा करणे, बुरशी आलेल्या कपाटांना आतून व्हिनेगरने पुसणे.

२३ मार्च

आज डेक ठोकून पाहिले. आपल्याकडे मडके घेताना बोटाने वाजवून पाहतात तसेच हे काम आहे, फक्त हातात प्लास्टिकची छोटी हातोडी असते. डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये लाकडाचा गाभा. गाभा कोरडा असेल तर "टक्" असा कडक आवाज येतो आणि पाणी शिरले असेल तर आवाज बसका येतो. डाव्या बाजूच्या कठड्याच्या दुसऱ्या खांबापाशी आवाज बसला. खडूने कडा आखत गेलो तेव्हा जेवणाच्या ताटापेक्षा थोडा मोठा पट्टा निघाला.

या खांबाच्या बुडाशी असलेला सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, वाळला आहे हे मला किमान चार वर्षे ठाऊक होते. पुढच्या वसंतात खांब काढून नव्याने बसवू, असे मी चार वसंत म्हणत आलो. स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब पाणी आत जात राहिले आणि हिवाळ्यात तेच गोठून थर विलग करत राहिले. यात दोष बोटीचा नाही. तासाभराचे काम आणि एक ट्यूब एवढ्याने जे भागले असते, त्याला आता दोन-तीन आठवडे आणि बरेच रेझिन लागेल.

शेजारच्या टेकूंवरच्या बोटीचा मालक पाहत होता. त्याने सहज सल्ला दिला, "वरून खरखरीत डेकपेंट मार, झाकून जाईल." सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता आणि मी त्यावर अर्धा तास विचार केला हे इथे लिहून ठेवतो. मग घरी येताना ठरवले की पट्ट्याला हात लावायचा नाही. मात्र बाकीच्या सर्व खांबांची भोके मोठी करून, इपॉक्सीने भरून, पुन्हा छिद्रे पाडायची, म्हणजे यापुढे पाणी शिरले तरी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. ओल्या पट्ट्याचा फोटो खडूच्या रेघेसकट जाहिरातीत टाकायचा.

६ एप्रिल

हिशेब करायला बसलो. जुन्या बोटीवर विक्रीच्या आधी केलेला बहुतेक खर्च परत येत नाही. नवी शिडे घातली तरी किंमत शिडांइतकी वाढत नाही. पण फाटके शीड दिसले तर गिऱ्हाईक येतच नाही. म्हणून मोठ्या शिडाच्या उन्हाने कुजलेल्या शिवणी तेवढ्या पुन्हा घालून घेतल्या. इंजिनाच्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा (इम्पेलर), तेल, फिल्टर बदलले. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत फिरवला, कारण एखादा पेड तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. कुठेही अडकला नाही. तरीही तारा २००९ च्या आहेत हे जाहिरातीत लिहायचे, कारण विमा कंपनी ते विचारणारच.

संकटसंकेताच्या फ्लेअरची मुदत संपलेली निघाली. बनवल्यापासून बेचाळीस महिने ती असते, आणि मी डब्याचे झाकण उघडले नव्हते त्याला त्याहून जास्त काळ झाला असावा. अग्निशामकही बाराहून अधिक वर्षांचा निघाला. दोन्ही नवे आणले. या वस्तूंनी किंमत वाढत नाही, पण त्या जुन्या दिसल्या की पाहणारा मनात म्हणतो, मग इंजिनाकडे याने काय लक्ष दिले असेल?

१३ एप्रिल

जाहिरात लिहिली. पहिल्या मसुद्यात "प्रेमाने सांभाळलेली" असे शब्द आले होते, ते खोडले. त्याऐवजी बोटीच्या नोंदवहीतून तारखा उतरवल्या: तेल केव्हा बदलले, पाण्याखालच्या भागाला तांबेयुक्त रंग केव्हा दिला, बुडावरचे फोड केव्हा खरवडून भरले. अठरा वर्षांची ही वही मी कंटाळा करत लिहिली होती. सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होणार आहे, हे तेव्हा कळले असते तर अक्षर जरा बरे काढले असते. दर ६२०० डॉलर लिहिला. दलाल साधारण दहा टक्के घेतात आणि एवढ्या लहान रकमेसाठी त्यांना उत्साहही नसतो, म्हणून विक्री स्वतःच करायची.

२७ एप्रिल

तीन जण येऊन गेले. पहिल्याला राहायला घर हवे होते आणि उंची पुरली नाही. दुसऱ्याने शिडी न चढताच अर्धी किंमत सांगितली. तिसरे एक तरुण जोडपे होते, दोघेही शाळेत शिकवतात. त्यांनी खडूची रेघ पाहिली, हातोडी मागून घेतली आणि स्वतः ठोकून पाहिले. रेघेबाहेर आणखी दोन बोटांच्या रुंदीइतका आवाज बसका येत होता. मला तो आला नव्हता, किंवा मी तो ऐकला नव्हता. खडू घेऊन मी रेघ वाढवली.

त्यांनी अनामत देऊन स्वतःच्या खर्चाने सर्वेक्षक आणला. ओलावा मोजणारे यंत्र घेऊन तो चार तास बोटीवर होता. मागच्या फळीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला बारा अक्षरांचा ओळख-क्रमांक त्याने बॅटरीच्या उजेडात कागदाशी ताडून पाहिला. अहवालात डेकचा पट्टा होता आणि मला माहीत नसलेली एक गोष्टही होती: सिंकखालचा पितळी व्हॉल्व्ह हिरवा पडून आखडला होता. मी तो बदलून दिला आणि डेकपोटी किंमत ५३०० वर आणली. दोन्ही बाजूंनी फार ताणले नाही.

४ मे

बोट पाण्यात सोडली. आमच्या हर्णैला होड्या पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा लोटतात. इथे हिवाळ्याच्या धाकाने वर काढतात आणि वसंतात सोडतात. दर वर्षी क्रेनचे पट्टे सुटले की मी एक नारळ देतो, तसा याही वर्षी दिला. त्या दोघांनी कारण विचारले, ते सांगितले. यार्डवाला दरवर्षीप्रमाणे घड्याळ पाहत उभा होता.

दुपारी चाचणीसाठी टॉमस पॉइंटच्या दीपगृहापर्यंत गेलो. १८७५ पासून पाण्यात लोखंडी खांबांवर उभे असलेले ते षट्कोनी लाकडी घर मी किती वेळा पाहिले असेल. वारा दक्षिणेचा, बारा नॉट. परतताना सुकाणूचा दांडा त्यांच्या हाती दिला आणि मी पुढे जाऊन बसलो. ज्या जागी मी पाहुण्यांना बसवत असे, तिथून शिडाचा वाक वेगळाच दिसतो.

१८ मे

विक्रीपत्र, मालकीचे टायटल, सह्या. राज्याचा पाच टक्के कर त्यांनी भरायचा होता. किल्ल्या, वही, आणि व्हॉल्व्ह, फ्यूज, पंप कुठे आहेत याची मी तयार केलेली तीन पानी टाचणे त्यांना दिली.

२ जून

सकाळी फोन आला. ते धक्क्यावर उभे होते आणि किल्ली फिरवूनही इंजिन बंद होत नव्हते. तीन पानांत मी सगळे लिहिले होते, एवढेच लिहायचे राहिले होते: इंजिन थांबवायची तार डाव्या आसनाखाली आहे, ती थोडी वर उचलून मग ओढावी लागते, आणि किल्ली इंजिन पूर्ण थांबल्यावरच फिरवायची. फोनवर सांगताना माझा डावा हात स्वयंपाकघरातल्या खुर्चीखाली गेलेला हिने पाहिला.