ईम अपडेट: दुसरी मेरी नव्हतीच!

सुटलं एकदाचं! मागच्या वेळी रडलो होतो ना, की माझ्या वंशवृक्षातल्या, ईमच्या (इंग्लंडातल्या डर्बीशरचं गाव, लिहितात एयम, पण तिकडे म्हणतात ईम) शिशाच्या खाणीतल्या विल्यमच्या बायकोचं, मेरीचं दफन नोव्हेंबर १७२३ चं, आणि 'विल्यम आणि मेरीचा मुलगा' म्हणून बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२४ चा. आई जाऊन तीन महिने झालेले! उशिरा केला म्हणावं तर थोरल्यांचे सगळे महिन्याभरात उरकलेले. मग मी धरून चाललो की याने लगोलग दुसरी मेरी केली, आणि दोन महिने तिचं लग्न शोधत बसलो, हॅदरसेज झालं, टाइड्सवेल झालं, लिचफील्डच्या बिशपकडची लग्नाची लायसन्सं झाली, आणि मनातल्या मनात त्या बिचाऱ्यावर काय काय आरोप केले ते सांगत नाही.

शेवटी मॅटलॉकला रेकॉर्ड ऑफिसात जाऊन रजिस्टरचं पानच बघितलं. बाप्तिस्मा १७२२ च्या मथळ्याखाली! खाली आडवी रेघ, मग १७२३ आणि पहिली नोंद मार्च अखेरची. तेव्हा साल २५ मार्चला बदलायचं, १७५२ पासून जानेवारीत आलं, आपला शक पाडव्याला बदलतो तसंच, म्हणजे तिथला फेब्रुवारी १७२२ हा आपला १७२३, हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. घोळ वेगळाच होता. मी विकत घेतलेल्या, रजिस्टर उतरवून काढलेल्या ट्रान्स्क्रिप्टच्या सीडीत १७०० नंतरची सालं कुणीतरी गुपचूप आजच्या हिशोबात बदललीयत, त्याआधीची तशीच ठेवलीयत, आणि प्रस्तावनेत त्याबद्दल चकार शब्द नाही. मी पडताळली होती १६९० च्या आसपासची पानं, तिथे जुनीच सालं होती, म्हणून पुढेही जानेवारी ते मार्चच्या नोंदींना मोठ्या हुशारीने एकेक वर्ष वाढवत गेलो. म्हणजे पोराचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३, आई धडधाकट, मेरी एकच. विल्यमराव, माफ करा.

विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण इमेज बघितल्याशिवाय ट्रान्स्क्रिप्टवर एक फांदी चढवायची नाही, कानाला खडा. एक्सेलमध्ये आता दोन कॉलम, 'जसं लिहिलंय तसं' आणि 'आपलं साल'. जानेवारी ते २४ मार्चच्या ६१ नोंदी पुन्हा तपासायच्यात, १४ झाल्या, आणि त्यात लग्नाआधी जन्मलेली म्हणून मी शिक्का मारलेली एक पोरगी चक्क लग्नानंतरची निघाली! मोडी कागदांत शक आणि फसली (महसुली) सालांचा घोळ घातलेल्यांना हा आनंद कळेल.

(नाही, प्लेगचं काही नवीन नाही. ईम म्हटलं की सगळे तिथल्या १६६५ च्या प्लेगचंच विचारतात, त्यानंतरची माणसं जगलीच नाहीत जणू.)

पुढे स्टॅफर्डला जाऊन रजिस्टरच्या बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला बघायचा प्लॅन होता, मूळची दोन पानं फार पुसट आहेत म्हणून. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, आता नवीन हिशोबाने आई गेली तेव्हा ते पोर नऊ महिन्यांचं होतं, आणि बाप दिवसभर खाणीत. मग सांभाळलं कुणी? पॅरिशच्या ओव्हरसियरच्या (गरिबांना मदत वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हिशोबात कुणा बाईला पोर सांभाळायचे आठवड्याचे पैसे दिलेले असू शकतात. त्या काळच्या वह्या टिकल्यात का ते विचारायला सोमवारी मॅटलॉकला फोन लावतो, स्टॅफर्ड थांबेल.