लहान कॅबिनेट, गरम हवा आणि फोमची एक चकती

पीसी तापतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: पंखे वाढवा. माझं कॅबिनेट 12 लिटरचं. त्यात 17 सेंटिमीटर बाजूचा चौकोनी मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, छोटा एसएफएक्स पॉवर सप्लाय आणि दोन स्लॉट व्यापणारं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर आत बोटंसुद्धा जेमतेम जातात. मागे 92 मिलिमीटरचा एक पंखा होता, वर 120 चा एक बसेल एवढी जागा रिकामी होती. संपलं. त्यामुळे पंखे वाढवण्यापेक्षा आहे ती हवा जाते कुठे, हे बघणं भाग होतं.

आधी थोडा हिशोब केला. पूर्ण भार पडल्यावर माझा पीसी साधारण 300 वॅट उष्णता बाहेर टाकतो. आत येणारी हवा 10 अंशांनी तापून बाहेर पडावी असं धरलं, तर सेकंदाला सुमारे 25 लिटर हवा लागते. म्हणजे अख्ख्या कॅबिनेटमधली हवा सेकंदाला दोनदा बदलायची. ऐकायला अचाट वाटतं, पण 120 मिलिमीटरचा एक बरा पंखा मोकळ्यात एवढी हवा सहज ढकलतो. जाळ्या, तारा आणि फिनांच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या) गर्दीत तो अर्ध्यावर येतो हे खरं, तरीही आकडा आवाक्याबाहेरचा नाही. आडतं ते दुसरीकडे. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरला बाहेरची हवा मिळते, की एकदा तापलेलीच पुन्हा मिळते?

हे तपासायला कसलंही उपकरण लागत नाही. तेच रेंडरिंग (प्रोसेसर आणि कार्डाला पूर्ण कामाला लावणारं चित्रनिर्मितीचं काम), तेवढाच वेळ, एकदा बाजूचं झाकण लावून आणि एकदा काढून. तापमानाची नोंद एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरने ठेवली आणि खोलीचा थर्मामीटर हवा आत शिरते तिथेच ठेवला, कारण टेबलाखालची हवा आणि खोलीतली हवा यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो. हवा 27 अंश असताना झाकण लावून प्रोसेसर 91 वर, ग्राफिक्स कार्ड 83 वर. झाकण काढल्यावर 77 आणि 75. झाकण काढूनही प्रोसेसर 89 वर राहिला असता तर मी कूलर सोडवून थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलली असती. इथे तब्बल 14 अंश नुसत्या पत्र्याने अडवून ठेवले होते. पेस्टला हात लावला नाही.

मग टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी घेऊन प्रत्येक जाळीसमोर धरली. खाली, कार्डाच्या पंख्यांसमोर, ती आत ओढली जात होती पण मरगळल्यासारखी. मागे व्यवस्थित बाहेर. आणि बाजूच्या जाळीपाशी, जिथून प्रोसेसरचा कूलर हवा घेतो असं मी धरून चाललो होतो, तिथे मधोमध थोडीशी आत आणि कडेला नुसती फडफड. कूलर 47 मिलिमीटर उंचीचा, बोर्डावर हवा खाली मारणारा. त्याच्या पंख्यात आणि जाळीत 16 मिलिमीटरची फट. त्या फटीतून तो चहूबाजूंनी आतली हवा ओढत होता, आणि त्या आतल्या हवेत कार्डाने नुकतीच सोडलेली गरमी होती.

फट बुजवायला बंद पेशींचा मऊ फोम आणला, 18 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे झाकण लावल्यावर तो थोडा दाबला जाऊन घट्ट बसतो. त्यातून चौकोनी तुकडा कापला आणि मधे पंख्याच्या पात्यांएवढं गोल भोक पाडलं. कात्रीने फोम दाबला जातो आणि कड तिरपी येते, लांब पात्याचा नवा कटर हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवावा. चकती कूलरवर नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. झाकण काढलं की तीही निघते आणि रॅमपर्यंत हात पोचतो. फोम पंख्याच्या चौकटीवरच टेकला पाहिजे, पात्यांना शिवता कामा नये.

या एका तुकड्याने प्रोसेसर 91 वरून 83 वर आला. पुढे जे जे केलं त्यातल्या कशानेही फक्त हवेच्या जोरावर एवढा फरक पाडला नाही.

कूलरचा पंखा उलटा करून, म्हणजे गरम हवा थेट जाळीतून बाहेर फेकायला लावूनही पाहिलं. प्रोसेसर आणखी दोन अंशांनी उतरला, पण बोर्डावरचा एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी चिपांची पट्टी, 78 पर्यंत चढला. खाली हवा मारणारा कूलर प्रोसेसरला वीज पुरवणारे व्होल्टेज रेग्युलेटर आणि एसएसडी यांनाही वारा घालत असतो, उलटा केला की त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. पंखा पुन्हा सुलटा.

वरच्या जागेत 15 मिलिमीटर जाडीचा पातळ पंखा लावला, नेहमीचा 25 चा बसत नाही. दिशा कोणती, यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे लोक आहेत. आत हवा जास्त ढकलली तर धूळ कमी बसते, हे बरोबर आहे. गरम हवा वर जाते म्हणून वरून बाहेरच काढा, हेही ऐकलं होतं, पण आपणहून वर जाणाऱ्या हवेचा वेग इतका किरकोळ असतो की संथ पंखाही तिला सहज मागे लोटतो. माझ्या बाबतीत निर्णय झाला तो कार्डामुळे. त्याच्या फिना वरच्या बाजूला उघडतात. पंखा आत फुंकायला लावला की तिथून निघालेली गरम हवा कार्डावरच परत येत होती, बाहेर फुंकायला लावल्यावर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तीन-तीन अंशांनी उतरले. तुमच्या कार्डाच्या फिना कुठे उघडतात ते आधी बघा.

खालच्या मरगळलेल्या पट्टीचं कारण अगदीच साधं निघालं. कॅबिनेटचे पाय 8 मिलिमीटर उंच, आणि दोन मोठे पंखे त्या फटीतून हवा ओढणार. 20 मिलिमीटरचे रबरी पाय लावले, कार्ड 80 वरून 75 वर. दिसायला थोडं विचित्र दिसतं, असू दे. खालची धूळजाळी ठेवली. ती काढून एक-दोन अंश मिळतात, पण जमिनीजवळची धूळ थेट फिनांत जाते आणि मग तेवढेच अंश हळूहळू परत जातात.

इथपर्यंत सगळं हवेचं. पण लहान कॅबिनेटमध्ये उष्णता तयारच कमी करणं हा सगळ्यात फायद्याचा सौदा आहे, आणि लोक तो शेवटी करतात. माझा प्रोसेसर 65 वॅटचा म्हणून विकला जातो, प्रत्यक्षात सॉकेटमधून 88 वॅटपर्यंत घेतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ती मर्यादा 65 वर आणली. शेवटच्या काही टक्के वेगासाठी चिप बेसुमार वीज खाते, त्यामुळे रेंडरिंगचा वेळ सहा-सात टक्क्यांनीच वाढला. कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे विजेची कमाल मर्यादा, 80 टक्क्यांवर ठेवली, खेळताना फरक कळत नाही. आता दोन्ही 68 च्या आसपास.

मग उरला आवाज. प्रोसेसरचं तापमान सेकंदात दहा अंशांनी उसळतं आणि पंखा लगेच ओरडायला लागतो. बायोसमध्ये वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायची सोय असते, ती वापरली आणि ही चढउतार थांबली. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने पडतो. म्हणून पंखे सतत संथ ठेवणंच बरं. वरचा पंखा मात्र कार्डाच्या तापमानावर चालावा असं वाटत होतं. माझ्या बायोसला ते तापमान दिसत नाही, त्यासाठी विंडोजमध्ये वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागलं.

सगळं जागेवर बसल्यावर कॅबिनेटबरोबर आलेला मागचा 92 मिलिमीटरचा पंखा काढून पाहिला. प्रोसेसर एका अंशाने वर गेला, आणि पीसीमधली सगळ्यात किरकिरी घरघर गेली. तो परत लावला नाही, त्या जागेत आता पॉवर सप्लायच्या जास्तीच्या तारा नीट बसतात.