बंदूक ठाण्यात, नाव यादीत

निवडणूक जाहीर झाली की जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आमच्या गृह शाखेत पहिली धावपळ बंदुकांची. परवानाधारकांची ठाणेनिहाय यादी काढायची, छाननी समितीपुढे ठेवायची, ज्यांची शस्त्रं जमा करायची ठरतात त्यांना नोटिसा धाडायच्या आणि निकालानंतर शस्त्रं परत गेली की नाही ते बघायचं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या एका आजींच्या घरी दोन नोटिसा गेल्या. दोन्ही त्यांच्या यजमानांच्या नावाने. आपण आपले शस्त्र अद्याप जमा केलेले नाही, तरी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, वगैरे. यजमान १९९९ सालीच वारलेले.

दुसरी नोटीस घेऊन आजी पुतण्याबरोबर थेट माझ्या टेबलाशी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत परवान्याची पुस्तिका आणि ठाण्याची जमा पावती. पावती कार्बनची, अक्षरं फिकी पडलेली, पण ठाण्याचा शिक्का स्पष्ट. १९९९ ला महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकत्र झालं होतं, तेव्हा जमा केलेली बंदूक. निकाल लागले, यजमान आजारी पडले, दिवाळीच्या आत गेले. बंदूक आणायला कोणी गेलंच नाही.

“बाय, बंदूक तर तुमच्याकडेच आसा. माका नोटीस कित्याक येता? ह्यांचा नाव तेवढा कमी करा,” आजी म्हणाल्या.

नाव कमी करा. सातबारावरचं मयताचं नाव कमी करायला लोक तलाठ्याकडे जातात, तसंच हे. फरक एवढाच की सातबाऱ्यावर नाव तसंच राहिलं तर भाऊबंदकी लागते, बंदुकीच्या यादीत राहिलं तर दारात पोलीस येतो.

लोकांना एक गोष्ट कळत नाही आणि आम्हीही ती कधी धड सांगत नाही. बंदूक हातातून गेली म्हणजे नावावरून गेली असं नाही. विकायची असेल तर कलम ५ प्रमाणे आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि मग ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे परवाना हवाच. त्यानंतर विक्रेत्याची नोंदवही, ठाण्याची नोंदवही, आमची नोंदवही, परवान्याची पुस्तिका आणि ऑनलाइन यादी, सगळीकडे ते शस्त्र वजा झालं पाहिजे. एक जागा राहिली की ते शस्त्र पुन्हा जिवंत होतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच शस्त्रं असा नियम झाला, डिसेंबर २०२० पर्यंत तिसरं सोडायचं होतं. तेव्हा बंगलेवाले साहेब विक्रेत्याची पावती टेबलावर टाकून “झालं ना?” म्हणत निघून जायचे. त्यातले काही पुस्तिकेवर नोंद करून घ्यायला अजून फिरकलेले नाहीत. परवाना हा ज्यांना मिरवायचा दागिना वाटतो, त्यांना त्यावर काट मारून घेणं जिवावर येतं.

आजींचा मामला विक्रीचा नव्हता, त्याहून सोपा दिसत होता. परवानाधारक वारला की परवाना संपतो. शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाने मुदतीत परवाना काढून ते सोडवायचं, नाहीतर विकायचं. दोन्ही झालं नाही तर कलम २१ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी आदेश काढून ते सरकारजमा करायचं. इथे बंदूक आधीपासून ठाण्यातच. फक्त तो शेवटचा आदेश कोणी काढला नव्हता, कारण परवानाधारक वारला हे आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. ठाण्याच्या लेखी ते निवडणुकीपुरतं जमा शस्त्र, घरच्यांच्या लेखी सरकारकडे गेलेलं, आमच्या लेखी घरात असलेलं.

मी ठाण्याला पत्र टाकलं. उत्तर आलं: सदर क्रमांकाचे शस्त्र या ठाण्याच्या अभिलेखात आढळून येत नाही, सदर गाव नवीन ठाण्याच्या हद्दीत वर्ग झालेले आहे. नवीन ठाण्याला लिहिलं. त्यांचं उत्तर: ठाण्याच्या स्थापनेवेळी असे शस्त्र हस्तांतरित झालेले नाही. दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्ही निरुपयोगी.

मग मी मूळ नोंदवही काढली. जुनी, हाती लिहिलेली, कापडी पाठीची. तिच्यातल्या कारकुनाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. ‘एकनळी, ठासणीची, शेतीसंरक्षणार्थ, नळी ३९ इंच, दस्ता शिसवी, क्रमांक नाही.’

क्रमांक नाही! आणि ऑनलाइन यादीत मात्र शस्त्र क्रमांकाच्या रकान्यात ठसठशीत आकडा. तो परवान्याचा क्रमांक होता. राष्ट्रीय यादीसाठी माहिती भरायला कंत्राटी मुलं बसवली होती, रकाना रिकामा ठेवायची त्यांना भीती, समोर जो आकडा दिसला तो त्यांनी भरला. मुलांना दोष देत नाही. कोकणातल्या ठासणीच्या बंदुका गावठी लोहाराच्या हातच्या असू शकतात आणि त्यांच्यावर कारखान्याचा नंबर नसतो, हे त्यांना सांगायला हवं होतं आणि ज्यांनी सांगायचं ते तेव्हा मीटिंगला होते. परिणाम काय, तर पोलीस जगात नसलेला नंबर शोधत होते.

बाहेरच्यांना ‘शस्त्र परवाना’ म्हटलं की रिव्हॉल्व्हर आठवतं. आमच्याकडे मोठा गठ्ठा शेतीसंरक्षणाचा. माकडं नारळ पाडतात, रानडुकरं भात लोळवतात, म्हणून कायद्याच्या कलम १३ मध्येच पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, पुन्हा काथ्या, गजाने ठासायचं, मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची. एकदा बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या वाडीत. माणसं मारायला कोणी असलं हत्यार घेणार नाही, पण यादीत ते आणि बिल्डरचं पिस्तूल एकाच ओळीत बसतं.

पत्रांनी काम होणार नाही हे दिसलंच. वरिष्ठांची परवानगी घेऊन मी आजींना आणि पुतण्याला जुन्या ठाण्यात बोलावलं. तिथल्या मुद्देमाल कारकून, महिला हवालदार, कामाला पक्क्या. त्यांनी आधीच खोली उघडून ठासणीच्या सात बंदुका बाहेर काढून भिंतीला लावल्या होत्या. चाप-कड्याला बांधलेल्या चिठ्ठ्यांचा दोरा तेवढा उरलेला, कागद वाळवीने खाल्लेला. जमा नोंदवही ‘ड’ वर्गात, म्हणजे लवकर नष्ट करायच्या कागदांत, टाकून कधीच रद्दीत गेलेली.

“मॅडम, हात लावू नका. आधी भरलेली आहे का बघू,” हवालदार ताई म्हणाल्या. हे मला पुस्तकी माहीत होतं, केलेलं कधी पाहिलं नव्हतं. ठासणीच्या बंदुकीत काडतूस काढून बघण्याची सोय नाही. गज नळीच्या तोंडातून तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावायचा. खूण मुळापर्यंत पोचली तर नळी रिकामी. दोन-चार बोटं कमी पडली तर आत बार आहे. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. सातपैकी एका बंदुकीत गज चार बोटं आधीच अडकला. सगळे मागे सरकले. ती बाजूला, तोंड भिंतीकडे करून ठेवली, मुख्यालयातल्या आर्मररला, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रं तपासणाऱ्या कारागिराला, बोलावणं गेलं. निवडणुकीच्या गडबडीत कोणीतरी भरलेली बंदूक जमा केली आणि कोणीतरी ती तशीच घेतली. इतकी वर्षं ती मुद्देमालाच्या खोलीत, कारकुनाच्या पाठीमागे, उभी होती.

उरलेल्या सहांना टेप लावली. एक बरोबर ३९ इंच. दस्ता काळपट. नोंदीशी तंतोतंत. तिथल्या उपनिरीक्षकांनी लगेच पंचांना बोलवायला सांगितलं. “मिळाली. करा पंचनामा.”

आजी तोपर्यंत बाकावर बसून होत्या. उठल्या, त्या ३९ इंचीकडे बघितलंही नाही, शेवटून दुसरी होती तिच्यापाशी गेल्या. तिच्या दस्त्याच्या मानेला तांब्याची तार गुंडाळलेली.

“हीच ती. तार जळलेल्या पंपाच्या मोटारीची आसा. मीच दिलंय.”

तिची नळी भरली साडेअडतीस इंच.

उपनिरीक्षक चांगला माणूस, पण त्यांना दुपारी बंदोबस्ताला जायचं होतं. “मॅडम, कागदाला जी जुळते ती घ्या. तुम्हाला नाव कमी करायचंय ना? होतंय की. वर शंका निघणार नाही.” खरं होतं ते. तारेची नोंद कुठेच नाही, कारण दस्ता नोंद झाल्यानंतर फुटला आणि तार तेव्हा गुंडाळली. कागद एका बंदुकीकडे बोट दाखवत होता आणि बाई दुसरीकडे.

मी आजींना विचारलं, “आजी, ही अर्धा इंच आखूड भरते. असं कसं?”

“तोंड फाटलेला. लोहाराने कापून घासून दिल्यान.” त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. हवालदार ताईंनी नळीच्या तोंडावर बोट फिरवलं, मग मला फिरवायला लावलं. कानशीचे चरे हाताला लागत होते. बाकीच्या पाचांची तोंडं गुळगुळीत.

पंचनामा तारेच्या बंदुकीचा झाला. साडेअडतीस इंच, दस्त्यास तांब्याची तार, नळीच्या तोंडाशी कानस मारल्याच्या खुणा, मयत परवानाधारकाच्या पत्नीने ओळखली. आजींनी अंगठा नाही, सही केली. बंदुकीवर, वारसाच्या परवान्यावर किंवा विक्रीवर हक्क सांगायचा नाही असं लिहून दिलं. पुतण्याचा जीव थोडा घुटमळला, माकडांचा त्रास वाढलाय म्हणाला. आजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

फाइल वर गेली आणि शेरा घेऊन खाली आली: ‘लांबीतील तफावतीचा खुलासा करावा.’ मी खुलासा लिहिला. जे घडलं ते. नळीचे तोंड फाटल्याने परवानाधारकाने हयातीत गावातील लोहाराकडून ते कापून घेतले. लिहून झाल्यावर अधिनियम उघडला तर कलम ६: परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. म्हणजे माझ्या खुलाशात मयताने गुन्हा केल्याची कबुली, तीही त्याच्या बायकोच्या तोंडून. कलम ५ प्रमाणे लोहाराची दुरुस्तीही बेकायदा. तो लोहारही हयात नाही. मेलेल्यावर खटला चालत नाही, तेव्हा लिहायला हरकत काय, असं माझं मत. खुलासा तसाच ठेवला.

वरिष्ठांनी बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, “एका म्हाताऱ्या बाईचं काम आहे हे. उद्या कोणी माहिती अधिकारात ही फाइल मागितली तर तिच्या नवऱ्याला गुन्हेगार ठरवायचंय का?” आणि माझ्या ओळी काटून स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘कालमानाने झीज झाल्याने लांबीत किरकोळ फरक.’

शिसवी दस्ता झिजतो, चाप झिजतो. लोखंडी नळी खोलीत उभी राहून अर्धा इंच झिजत नाही. पंचनाम्यात कानशीच्या खुणा आहेत आणि त्याच फाइलमध्ये पुढच्या पानावर झीज आहे. कोणी दोन्ही पानं एकत्र वाचली तर विचारेल. माणुसकी म्हणून वरिष्ठांचं चुकलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कारकून म्हणून मला ते वाक्य अजून टोचतं. त्यावर खाली आद्याक्षरी माझी आहे.

सरकारजमेचा आदेश निघाला. नोंदवहीत लाल शाईने परवाना रद्द, ऑनलाइन यादीत शस्त्र वजा, पुस्तिका दफ्तरी दाखल, दोन्ही ठाण्यांना प्रती. आजींना आदेशाची प्रत टपालाने पाठवली. पुतण्याला फोनवर सांगितलं, ही जपून ठेवा, पुढच्या निवडणुकीला कोणी आलंच तर दाखवा.

राहिली ती ३९ इंची. उपनिरीक्षकांचं ऐकलं असतं तर ती आजींच्या यजमानांच्या नावावर सरकारजमा झाली असती आणि ती ज्याची, त्याचं नाव यादीत कायमचं अडकलं असतं. मी जुनी नोंदवही पुन्हा पहिल्या पानापासून काढली. त्याच ठाण्याच्या जुन्या हद्दीतला, ठासणीचा, ३९ इंची आणखी एक परवाना सापडला. ऑनलाइन यादीत त्याच्यापुढे लिहिलंय: शस्त्र परवानाधारकाकडे. ठाण्याला पत्र पाठवलं. बीट अंमलदाराचा अहवाल आला आहे, घर बंद, माणसं मुंबईला असतात, गणपतीला येतात. गणपतीत पुन्हा पत्र पाठवायचं टिपून ठेवलंय. भरलेल्या बंदुकीचा आर्मररचा अहवाल मात्र अजून आलेला नाही.