वजनाचं रताळं, पिठाचं रताळं: आमची वाटचाल

रताळ्याला खरा भाव महाशिवरात्रीला. परळी, औंढा, वेरूळ ही तीन ज्योतिर्लिंगं मराठवाड्यातच, त्यामुळे त्या आठवड्यात माल उभ्या उभ्या खपतो. मग आषाढी, नवरात्र. मधल्या दिवसांत व्यापारी रताळ्याकडे ढुंकून बघत नाही. आमचा उद्योग या मधल्या दिवसांवरच उभा राहिला: गंगाखेड भागातल्या शेतकऱ्यांकडून रताळी घ्यायची, काप वाळवायचे, उपवासाचं पीठ दळायचं.

पीठ करायला लागलो तशी वाणाकडे बघायची नजर बदलली. बाजारात रताळ्यातलं पाणीही वजनावर विकलं जातं; आम्हाला ते पैसे मोजून घ्यावं लागतं आणि पुन्हा वाळवून उडवावं लागतं. म्हणून केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचे दोन वाण गावठी लाल रताळ्याशेजारी लावले. भू सोना आतून केशरी, भू कृष्णा जांभळं. संस्थेच्या आकड्यांत भू सोनाचं उत्पादन हेक्टरी १९.८ टन, भू कृष्णाचं १८ टन. म्हणजे फरक फार नाही. पण शुष्क भाग पहिल्यात २७ ते २९ टक्के, दुसऱ्यात २४ ते २५.५. वाळवून हिशेब केला की हेक्टरी साडेपाच टनांसमोर साडेचार टन उरतात. हे आकडे ओडिशाकडचे, आपल्या रानात तेवढंच येईल असं नाही. पण कोणतं रताळं जास्त पीठ देतं, हा क्रम आमच्याकडेही तोच राहिला. ताज्या वजनात गावठी लाल मात्र कुठेच मागे नव्हतं.

भू सोनाच्या केशरी रताळ्यात १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व होतं, पण ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवा. म्हणून पाकिटावर ‘थालीपीठ तुपावर लावा’ असं छापलंय. उघड्या उन्हात वाळवलं तर हे कॅरोटीन उडतं, त्यामुळे काप सावलीत वाळवतो. केशरी रताळ्यावरच्या कामाला २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, पण ग्राहक विचारतो, ‘यात गाजर घातलंय का हो?’ जांभळ्याचं वेगळंच. त्या रंगात अँथोसायनिन असतं. पिठात ताक किंवा लिंबू पडलं की गुलाबी झाक येते, खायचा सोडा पडला की निळसर. बायकांना हे फार आवडलं, खप मात्र बेताचाच.

माल घेताना आमचा कटाक्ष सोंड्या भुंग्यावर. काळ्या रानाला पाण्याचा ताण बसला की भेगा पडतात आणि भुंगा त्यातूनच कंदापर्यंत पोचतो. किडकं रताळं कडू लागतं; त्याचे थोडे काप मिसळले तरी सगळं पीठ वाया. म्हणून बेणं हलक्या, निचऱ्याच्या रानालाच देतो आणि वरंब्याला मातीची भर लावायला सांगतो.

आता भाव ठरवताना नमुन्याचे काप वाळवून वजन करतो आणि कोरड्या वजनावर पैसे देतो. सुरुवातीला लोकांना हे पटेना. आता बरेच जण शिवरात्रीसाठी गावठी लाल लावतात आणि कडेच्या चार वरंब्यांवर आमच्यासाठी भू सोना.