जेफरसनची नंबरप्लेट

नेपरव्हिल सोडून आम्ही आयोवातल्या जेफरसन काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, फेअरफिल्डला आलो, तेव्हा गाडीवर इलिनॉयची पाटी होती. ती 30 दिवसांत बदलायची. शेजारीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ट्रेझररकडे जा." मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच चूक झाली. खजिनदाराचा आणि नंबरप्लेटचा काय संबंध? पण आयोवाच्या 99 काउंट्यांत गाड्यांची नोंदणी काउंटी ट्रेझररकडेच होते. मालमत्ता करही तिथेच भरायचा. आणि हा ट्रेझरर चार वर्षांसाठी निवडून येतो! आपले आरटीओसाहेब मतं मागायला दारात उभे आहेत, असं डोळ्यांपुढे आणून बघा. निवडणुका ऑडिटरकडे, लग्नाचा दाखला आणि मासेमारीचा परवाना, दोन्ही रेकॉर्डरकडे. वर तीन सुपरवायझरांचं मंडळ.

पहिल्या दिवशी माझ्यापुढे एकच माणूस होता, बुटांवर वाळलेला चिखल, ट्रेलरची नोंदणी करायला आलेला. दहा मिनिटांत माझा नंबर आला आणि दोन मिनिटांत परतही फिरले. गाडीवर कर्ज, म्हणून टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, कर्ज देणाऱ्या कंपनीकडे. ते आल्याशिवाय पुढे काही नाही. कंपनीने ते पाठवलं, पण आमच्या जुन्या पत्त्यावर. मग फोन, आणखी फोन, आणि दिवस मोजणं.

त्या दिवसांत काउंटी फिरून झाली. रस्ते आलेखाच्या कागदावर आखल्यासारखे, मैला-मैलाचे चौकोन, आत मका नाहीतर सोयाबीन. ईशान्येला स्कंक नदी तेवढी आपल्या मर्जीने वळते. 2020 च्या जनगणनेत इथे 15,663 माणसं, त्यातली 9,416 एकट्या फेअरफिल्डमध्ये. गावाच्या उत्तरेला 2001 साली स्थापन झालेली महर्षी वेदिक सिटी: पूर्वेला दारं, छपरांवर कळस. वास्तुशास्त्र बघायला मक्याच्या शेतात यावं लागलं!

हे सगळं 1974 पासूनचं. बंद पडलेल्या पार्सन्स कॉलेजच्या आवारात महर्षी महेश योगींचं विद्यापीठ आलं, पुढे ध्यानासाठी दोन सोनेरी घुमट उभे राहिले. जुने गावकरी ध्यानवाल्यांना 'रू' म्हणायचे, 'गुरू'तला. ते यांना 'टाउनी'. शेजारीणबाईंनीही मला जरा चाचरतच विचारलं, "तुम्ही ध्यान करता?" म्हटलं, माझी रामरक्षासुद्धा अर्ध्यात राहते. त्या काय समजल्या कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी टोमॅटो आले.

एकदाचं टायटल आलं. फी गाडीच्या वजनावर आणि मूळ किमतीवर. कारकूनबाईंनी माझं मधलं नाव वाचलं, मग नवऱ्याचं नाव वाचलं, आणि थांबल्या. बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव का, हे समजावण्यात फॉर्मपेक्षा जास्त वेळ गेला.

हातात दोन पाट्या मिळाल्या, पुढची नि मागची, खाली ठळक 'जेफरसन'. पुढच्या पाटीचा एक स्क्रू गंजून घट्ट बसला होता, तो शेजाऱ्यांच्या पकडीने निघाला. नूतनीकरण पहिल्या मालकाच्या जन्ममहिन्यात, म्हणजे नवऱ्याच्या. यंदा केकआधी ट्रेझरर.