घागऱ्यो

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा असा ग्रुपवर मेसेज आला आणि मी पंधरा दिवस नुसतं 'लिहितो, लिहितो' करत राहिलो, कारण लिहायला बसलं की बाईच समोर येतात आणि बाकी शाळा मागे राहते. नाव घालत नाही, आपल्याकडे नुसतं 'बाई' म्हटलं की कोण ते सगळ्यांना ठाऊक. बाकीच्या सरांनी राग मानू नये.

बाई घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. साल १९८६, आम्ही सातवीत. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी यावरून वातावरण इतकं तापलेलं की आमचे बाबा जेवताना काकांशी मराठीच्या बाजूने तावातावाने भांडायचे, ते पण कोंकणीतून! (यातली गंमत मला फार उशिरा कळली.) त्यात मी गणेश चतुर्थीच्या निबंधात लिहून बसलो, माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर रानफळं टांगतात ती चौकट) आंबाडे, कवंडळं आणि घागऱ्यो बांधल्या. वही परत आली तर लाल रेघ नाही. घागऱ्योखाली पेन्सिलचं बारीक टिंब आणि बाजूला लिहिलेलं, 'हे काय असतं? दाखवशील?'

दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून नेल्या. बाईंनी मला टेबलापाशी उभं केलं आणि स्वतः जाऊन माझ्या जागेवर बसल्या, खिडकीकडचा तिसरा बाक. माझा शेजारी पार भिंतीला चिकटला. मागून कोणीतरी 'मास्तर जालो रे!' केलं आणि मी दोन वाक्यांत गार. तेव्हा बाईंनी हात वर केला, खरंच वर केला, आणि विचारलं, "यांना घागऱ्यो का म्हणतात रे?" मला कुठे ठाऊक. "असू दे," म्हणाल्या आणि त्या हिरव्या शेंगा खडूच्या डब्यात टाकल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी खडू काढताना डबा वाजला. बाईंनी एक सुकलेली शेंग माझ्या कानाशी हलवली, आत बिया सुटलेल्या, अगदी घुंगरासारखा आवाज. "मिळालं बघ उत्तर," एवढंच, आणि पुन्हा व्याकरण सुरू.

आज सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. पण पहिली सहा-सात वर्षं मी बाईंसारखा मुळीच नव्हतो. पोर्शन संपला पाहिजे, फळा भरला पाहिजे, मी आपला बोलत सुटलेला, आणि पोराने प्रश्न विचारला की वाटायचं हा माझीच परीक्षा घेतोय. मग २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान सुरू झालं, आमचा पट घसरत गेला तो गेलाच. चौथीत अकरा मुलं, त्यातली सात कर्नाटकातून कामाला आलेल्यांची. परवा एका मुलीने भाकरीला 'रोट्टी' लिहिलं. खोटं कशाला बोलू, लाल रेघ अर्धी मारली होती. मग थांबलो आणि म्हटलं, कशी करतात दाखव. तिच्या बाकावर बसलो, गुडघे काही मावेनात. ती हवेतच थापायला लागली, "कढत पाण्यात पीठ मळायचं." मी हात वर केला, गार पाणी का नको? "मोडते ना सर!" असं म्हणाली की जसं काही एवढंसुद्धा मला कळत नाही.

हे सगळं बाईंना सांगायला पाहिजे होतं. निवृत्त होऊन त्या गावी गेल्या आणि मी दरवर्षी मे महिन्यात जाऊ म्हणत राहिलो. पणजीहून कोल्हापूरला बस आहे. मी कधी बसलो नाही.